कंदिलाचा हिशेब

दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे महाराष्ट्रातील शहरांत विद्यार्थ्यांच्या हंगामी उद्योगांचे असतात. कोणी पणत्या रंगवतात, कोणी उटण्याची पाकिटे भरतात, तर कोणी सोसायटीच्या फाटकाशी टेबल मांडून स्वतः केलेले आकाशकंदील विकतात. या सर्वांत आकाशकंदिलाचा उद्योग अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्याला भांडवल थोडे लागते, हातचे कसब मात्र पुष्कळ लागते आणि मागणी ठरलेली असली तरी विक्रीची मुदत फार आखूड असते.

विद्यार्थ्याने कष्ट करून शिकावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने श्रमाला शिक्षणाचा भाग मानले आणि पुढे ‘कमवा व शिका’ या नावाने ही पद्धत राज्यातील अनेक महाविद्यालयांत रुजली. तथापि या योजनेत आणि कंदिलाच्या धंद्यात एक मूलभूत भेद आहे. योजनेत काम संस्था देते आणि मोबदल्याचा दर आधी ठरलेला असतो. धंद्यात काम विद्यार्थ्यालाच शोधावे लागते आणि माल पडून राहिला तर तोटाही त्यालाच सोसावा लागतो. हा तोट्याचा संभव, म्हणजेच जोखीम, अंगावर घेण्याचे शिक्षण वर्गात सहसा मिळत नाही, आणि म्हणूनच या लहानशा उद्योगाकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

पारंपरिक कंदिलाची घडण वरवर सोपी दिसते. बांबूच्या कामट्या तासून, सारख्या लांबीच्या कापून दोऱ्याने बांधल्या, की सांगाडा तयार होतो. त्यावर खळीने पतंगी कागद चिकटवायचा आणि खाली झिरमिळ्या लावायच्या. परंतु एक कामटी अर्ध्या बोटाने जरी लांब राहिली, तरी सगळा सांगाडा एका अंगाला कलतो, आणि खळ पातळ झाली तर कागद ओलावून सुरकुततो किंवा फाटतो. नवशिक्या हातांचे पहिले काही कंदील असे वाया जातात, आणि त्यांचा खर्च पुढच्या चांगल्या कंदिलांच्या किमतीत धरावा लागतो, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आल्यापासून कागदी कंदिलाची बाजू बळकट झाली, आणि कमी तापणाऱ्या एलईडी दिव्यांमुळे कागद करपण्याचे भयही उणावले.

खरी अडचण हिशेबात आहे. उदाहरणादाखल असे धरू की चार विद्यार्थ्यांनी मिळून १०० कंदील केले आणि वाया गेलेला माल धरून प्रत्येकी ७० रुपये सामानाला लागले, म्हणजे एकूण ७,००० रुपये. यांपैकी ७० कंदील २०० रुपयांना गेले, २० शेवटच्या दिवशी निम्म्या किमतीत काढावे लागले आणि १० उरले. विक्री १६,००० रुपयांची झाली. सामानाचे ७,००० आणि टेबल, मांडव व दिव्यांचे १,५०० रुपये वजा जाता हाती ७,५०० रुपये राहिले. इथपर्यंतचे गणित सुखावणारे आहे. मात्र एका कंदिलाला दीड तास धरला तर १०० कंदिलांना १५० तास होतात, आणि सहा संध्याकाळी दोघे जण पाच-पाच तास टेबलाशी उभे राहिले तर आणखी ६० तास होतात. अशा २१० तासांवर ही रक्कम वाटली, की तासाला जेमतेम ३६ रुपये पडतात. ज्याला हे विद्यार्थी नफा समजतात, तो वस्तुतः त्यांच्या मजुरीचाच, आणि तोही अपुरा, मोबदला असतो. आपल्या वेळेची किंमत न धरता वस्तूची किंमत ठरवण्याची ही सवय कष्टाळू मुलांना विशेष जडते, आणि ती वेळीच मोडली नाही तर पुढे नोकरीतही त्यांचे नुकसान करते.

कल्पकतेचे मोल येथे कळते. पुष्कळांची कल्पकता कंदिलाच्या आकारावर आणि नक्षीवरच खर्च होते, वास्तविक तिची गरज विक्रीच्या पद्धतीत अधिक असते. नवरात्रातच दोन-तीन नमुने शेजारीपाजारी दाखवून आगाऊ नोंदणी घेतली आणि निम्मे पैसे आधी मागितले, तर सामानाला उसने घ्यावे लागत नाही आणि माल उरण्याची धास्तीही कमी होते. वसुबारस उलटली की गिऱ्हाईक घासाघीस करू लागते आणि लक्ष्मीपूजनानंतर कंदील कोणी विचारत नाही, म्हणून ही आगाऊ नोंदणी या धंद्याचा कणा मानावी लागते. अनेकदा सत्रपरीक्षाही याच सुमारास येतात, त्यामुळे कंदील आधीच करून ठेवणे अभ्यासाच्या दृष्टीनेही हिताचे ठरते.

याहून चतुर मार्ग म्हणजे तयार कंदिलाऐवजी कापलेला कागद, मोजून तासलेल्या कामट्या, झिरमिळ्या आणि कृतीचा कागद असा संच विकणे. तयार कंदील जागा अडवतो आणि गर्दीत चेपतो. संच मात्र सपाट पाकिटात मावतो, तो जोडण्याचे काम गिऱ्हाइकाच्या घरी जाते, आणि ज्या घरांत लहान मुले आहेत तेथे हेच काम दिवाळीच्या सुटीतला आनंद ठरते. एखाद्या रविवारी सोसायटीच्या सभागृहात माफक शुल्क घेऊन मुलांकडून कंदील करवून घेतले, तर शिकवण्याचेही पैसे मिळतात. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना असा संच टपालाने पाठवता येतो, मात्र पार्सलाला लागणारे दिवस आणि त्याचा खर्च पाहता तो गणेशोत्सव संपताच रवाना करावा लागतो, आणि कंदिलाचे काम भाद्रपदातच हाती घ्यावे लागते.