गंगटोकचा सण गाठायचा, तर आधी तिथी पाहा

उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या वस्त्यांतून धम्मसहली निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही वाट आता अनेक घरांच्या परिचयाची झाली आहे. त्याच्याही पुढे, हिमालयात जिथे बुद्धाचे सण भर रस्त्यावर साजरे होतात अशा एखाद्या गावी मुलाबाळांना एकदा न्यावे, असे म्हणणारी माणसेही भेटतात. त्यांच्यासाठी सिक्कीमची राजधानी गंगटोक सोयीची आहे. उंची साधारण साडेपाच हजार फूट. लेहला पोहोचताच जसा दम लागतो तसा इथे म्हाताऱ्या माणसांना लागत नाही. आणि भारतीय नागरिकाला गावात जायला परवाना लागत नाही.

अवघड आहे ते रजा, तिकीट आणि सण यांची गाठ घालणे. कंपनीत किंवा रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाला दहा-बारा दिवस मोकळे करायचे आणि चौघांचे भाडे साठवायचे, म्हणजे वर्ष जाते. एवढे करून सण महिनाभर पुढे निघाला, तर पुन्हा जाणे होत नाही.

घोटाळा कुठे होतो ते सांगतो. तिथला सर्वांत मोठा दिवस म्हणजे सागा दावा. भगवान बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटनांचे स्मरण त्या पौर्णिमेला करतात. साहजिकच आपल्याला वाटते की हीच आपली वैशाख पौर्णिमा. अर्थाने तीच, तारखेने मात्र दर वर्षी ती नसते. सागा दावा तिबेटी पंचांगाच्या चौथ्या महिन्यात येते आणि त्या पंचांगातला अधिक महिना आपल्या अधिक महिन्याबरोबर येईलच असे नाही. २०२४ साली दोन्ही पौर्णिमा २३ मे रोजी एकत्र आल्या. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, आपली बुद्ध पौर्णिमा १२ मे रोजी झाली आणि सागा दावा ११ जूनला. भिंतीवरचे कॅलेंडर पाहून जो त्या मेमध्ये गेला असेल, त्याला मिरवणूक दिसली नसणार.

उपाय सोपा आहे. सिक्कीम सरकार दर वर्षी सुट्यांची यादी काढते. तीत सागा दावा, द्रुक्पा त्सेची, पांग ल्हाबसोल, ल्हाबाब दुचेन, लोसूंग हे सारे सण तारखेनिशी असतात. ती यादी मिळवावी आणि मगच साहेबांकडे रजेचा अर्ज टाकावा. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, तेव्हा यादी हातात असली की घाई होत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, हेही हिशेबात धरावे.

आता कोणता सण निवडावा? आमचे मत सागा दावाकडे झुकते. त्या दिवशी भिक्खू त्सुकलाखांग या राजवाड्याच्या विहारातून ग्रंथ खांद्यावर घेऊन, वाद्यांच्या गजरात गावातून फिरतात. लोक दुतर्फा उभे राहतात आणि ग्रंथ डोक्याला लागावा म्हणून मान लववतात. हे ग्रंथ म्हणजे बुद्धवचनांची तिबेटी भाषांतरे. मूर्तीऐवजी पुस्तकांची मिरवणूक! बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम ज्या घरात सांगितले जाते, त्या घरातल्या मुलांनी ती पाहण्यासारखी आहे. शिवाय मे-जूनमध्ये शाळेला सुटी असते.

द्रुक्पा त्सेची हा सारनाथच्या पहिल्या प्रवचनाचा दिवस, म्हणजे आपल्या आषाढी पौर्णिमेच्या अर्थाचा. पण तो येतो जुलै-ऑगस्टात. तेव्हा तीस्ता नदीच्या काठाने जाणारा रस्ता दरडी कोसळून बंद पडतो. लहान मुले घेऊन त्या दिवसांत जाऊ नये. पांग ल्हाबसोलही पावसाळ्याच्या अखेरीस येतो. लेपचा आणि भुतिया या दोन जमातींनी काबी लुंगचोक येथे बंधुत्वाची शपथ घेतली, तिची आठवण त्या सणात ठेवतात. म्हणून तो चुकतो याची खंत वाटते.

थंडी सोसणाऱ्यांसाठी लोसूंग हा सुगीचा सण आहे. तो बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धात येतो, म्हणजे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून निघता येते. लोसूंगच्या आधी दोन दिवस गंगटोकपासून २४ किलोमीटरवरच्या रुमटेक विहारात लामा मुखवटे घालून नृत्य करतात. तिथे ओळखपत्र तपासतात. ते खिशात असू द्यावे.

इथे एक गोष्ट घरच्यांशी आधीच बोलून घ्यावी. तिथला धम्म वज्रयान पंथाचा आहे. मुखवटे, तुपाचे दिवे, डोंगराच्या रक्षक देवता, गुरू पद्मसंभव हे सगळे दिसते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मुले विचारणारच, की हे बौद्ध कसे? त्यांना गप्प करू नये. बुद्धाचा विचार निरनिराळ्या देशांत गेला आणि तिथल्या जुन्या चालीरीती त्याला चिकटल्या, हे सांगावे. आपण नमस्कार बुद्धाला करावा, बाकीचे पाहावे. मात्र हसू नये. सणात नाचणीसारख्या धान्याची छांग, म्हणजे बिअर, प्रेमाने पुढे करतात. पाचवे शील पाळणाऱ्याने हात जोडून चहा मागावा. कोणी रागावत नाही. मोमो आणि थुक्पा मुलांना आवडतात. आत मांस कशाचे आहे ते विचारून घ्यावे.

सिक्कीम सगळे बौद्ध आहे, असेही समजून जाऊ नये. २०११ च्या जनगणनेत तिथे बौद्ध सुमारे २७ टक्के होते. नेपाळी हिंदू अधिक आहेत आणि दसईंच्या दिवसांत गावाचा रंग वेगळाच असतो.

जायचे कसे? मुंबईहून गुवाहाटीकडे जाणाऱ्या गाडीने न्यू जलपाईगुडीला उतरावे. जवळजवळ दोन दिवस लागतात. नागपूरकरांनी हावड्याला जाऊन रात्रीची गाडी धरावी. पुढे सिलिगुडीहून शेअर जीप मिळते. रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आत असला तरी चार-पाच तास धरावेत. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला महापूर आला, त्यात हा रस्ताही खचला होता. म्हणून परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशीच सिलिगुडीला उतरून मुक्काम करावा. त्याच दिवशी खाली येऊन गाडी पकडण्याचा बेत करू नये.

नथुला आणि त्सोमगो तलावासाठी परवाना लागतो; ओळखपत्राच्या प्रती आणि फोटो घरूनच न्यावेत. नथुला चौदा हजार फुटांवर आहे. ज्यांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी गंगटोकातच थांबावे. करण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. १९४५ साली बांधलेला दो-द्रुल चोर्तेन, म्हणजे स्तूप, आणि त्याच्याभोवतीची १०८ प्रार्थनाचक्रे पाहावीत. शेजारीच नामग्याल तिबेटशास्त्र संस्था आहे. तिचे उद्घाटन १९५८ साली पंडित नेहरूंनी केले. जुनी हस्तलिखिते, मूर्ती आणि थांका चित्रे तिथे आहेत. सणाच्या दिवशी सरकारी सुटी असते, तेव्हा संस्थेसाठी आदला किंवा नंतरचा दिवस राखून ठेवावा.