वीस मिनिटं आणि छत्तीस तास

रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी धरायचं तर जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीच्या शिवारात माणूस बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. बॅटरी बिबट्यासाठी, काठी सापासाठी. खरं तर दोन्ही मनाच्या समाधानासाठी, कारण बांधावर पडलेली घोणस काठी बघून वाट सोडत नाही.

चावली की मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवायचं आणि नारायणगाव गाठायचं, हे इथं पोराटोरांना पाठ आहे. तिथं डॉक्टर थोडं रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत घालतात आणि नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवतात. नातेवाइकांना वाटतं, काहीच करत नाहीत. वीस मिनिटांनी नळी आडवी केल्यावर रक्त पाण्यासारखं ओघळलं, तर विष भिनलंय. मग प्रतिविषाच्या आठ-दहा बाटल्या सलाइनमधून, आणि उशाशी अ‍ॅड्रेनलिन तयार. कारण प्रतिविषाचीच कधी कधी जोराची रिअ‍ॅक्शन येते. मण्यारीची तऱ्हा वेगळी. ती झोपेत चावते, ना सूज ना ठणका. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात. श्वासनलिकेत नळी घालणारा हात जवळ नसेल तर माणूस गाडीतच जातो. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम केलंय, म्हणून जुन्नरकरांना यातलं पुष्कळ ऐकून तरी माहीत असतं. सगळ्याच तालुक्यांचं नशीब असं नाही.

हे सगळं शिकवणाऱ्या शाखेला इमर्जन्सी मेडिसिन म्हणतात. भारतीय वैद्यक परिषदेनं तिला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली ती 2009 मध्ये. तोवर कॅज्युअल्टीत जो सर्वात नवखा असेल त्याला बसवायचं, अशी रीत होती. पुष्कळ ठिकाणी आजही आहे. 2020च्या नियमांत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग हवा असं ठरलं आणि 2023च्या नियमावलीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तो आवश्यक विभागांच्या यादीतून काढला. या शाखेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. मला त्यांचं म्हणणं पटतं. विभाग नाही म्हणजे प्राध्यापकाचं पद नाही, प्राध्यापक नाही म्हणजे एमडीच्या जागा नाहीत, आणि जागा कमी म्हणजे आहेत त्या निवासी डॉक्टरांच्या ड्यूट्या लांबतात. काही खासगी रुग्णालयं याच विषयाचे आयोगाची मान्यता नसलेले कोर्स चालवतात. तिथं तीन वर्षं रात्री जागवलेल्या पोराला सरकारी भरतीत तज्ज्ञ म्हणून कोणी विचारत नाही.

ड्यूटीचे तास कागदावर फार पूर्वीच ठरलेत. केंद्राच्या 1992च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम एरवी 12 तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला 48 तास, असं लिहिलंय. आयोगाच्या 2023च्या पदव्युत्तर नियमांत मात्र आकडाच नाही, ‘वाजवी’ तास आहेत. 2024 मध्ये आयोगाच्याच कृती दलानं आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. म्हणजे बत्तीस वर्षांत सुधारणा होऊन 48चे 74 झाले! आणि वॉर्डात 36 तासांची सलग ड्यूटी कोणाला नवलाची वाटत नाही. ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना संपावर गेली की आपण पेपरात विद्यावेतनाची बातमी वाचतो. तासांची मागणी खालच्या परिच्छेदात असते.

मारहाणीचंही तसंच. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा 2010चा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. तरी 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरचे डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातल्या निवासी डॉक्टरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणानंतर केंद्रानं बजावलं, की हल्ला झाल्यावर सहा तासांत गुन्हा नोंदवायची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. चिडलेल्या नातेवाइकाला पहिला दिसतो तो अपघात विभागातला डॉक्टर. आधी आलेल्याला थांबवून मागून आलेल्याला तो आत घेतो, तेव्हा ओळख पाहिली असं वाटतं. प्रत्यक्षात त्यानं श्वास पाहिलेला असतो. बोंबलणाऱ्याचा श्वास चालू असतो, म्हणून तो थांबू शकतो. गप्प पडलेल्याची त्याला धास्ती असते. 17 जानेवारी 2025ला नारायणगावजवळ पुणे-नाशिक रस्त्यावर टेम्पोनं मागून धडक दिली आणि प्रवासी गाडी पुढच्या उभ्या एसटीवर आदळली. नऊ जण गेले. अशा वेळी आधी कोणाला हात लावायचा, हे त्या दिवशी शिकता येत नाही.

राज्यात 108ची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो, बहुतेकदा आयुर्वेदाचा पदवीधर, आणि तो रस्ताभर जमेल ते करतो. पण गाडी थांबते त्या दारात कोण उभं आहे? ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचं, आणि तिथल्या मोजक्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रसूतीपासून शवविच्छेदनापर्यंत सगळंच पाहायचं. म्हणून ‘पुण्याला हलवा’ हे वाक्य इतक्या लवकर येतं. त्यात त्यांचा दोष काढायला माझी जीभ रेटत नाही.

एक फट मात्र आहे. एमडी करणाऱ्या प्रत्येकाला तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात काढावे लागतात. इमर्जन्सी मेडिसिनच्या मुलांचे ते महिने पावसाळ्यात या पट्ट्यात लावले, तर त्यांना पुस्तकातली घोणस प्रत्यक्ष भेटेल आणि इथल्या दाराला रात्रीचा एक शिकलेला हात मिळेल. सोबत ज्येष्ठ डॉक्टर आणि ड्यूटीनंतर झोपायला खोली हवी, नाहीतर फुकटचा मजूर मिळाला एवढंच व्हायचं. अडचण नियमातच आहे: या कार्यक्रमासाठी रुग्णालय किमान 50 खाटांचं लागतं. त्या हिशेबानं उपजिल्हा रुग्णालय चालतं, 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय चालत नाही. आणि पिंपळवंडीची मोटरसायकल आधी नारायणगावातच थांबते.