पाण्याच्या उलट दिशेने

भांडुपहून थेट घाटापर्यंत जायची कल्पना फार जुनी. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आले होते. मुंबई शहर ठाणे-कल्याणला आणि पुढे थळ व बोर घाटांना रेल्वेने जोडावे, हे तेव्हा त्यांच्या मनात आले, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी ठाण्यापर्यंत गाडी धावली. आता रविवारी पहाटे, दूधवाल्यांच्याही आधी, मागे लुकलुकता लाल दिवा लावलेल्या सायकली एलबीएस मार्गावरून ठाण्याकडे निघतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची दिशा तीच, थळ घाटाची.

नवशिके आधी भांडुपच्या पंपिंग स्टेशनपर्यंत जाऊन येतात. मिठागरे, खाडीचा वारा, हिवाळ्यात रोहित पक्षी, आणि नऊच्या आत घरी चहा. ही सुरुवात चांगली, पण गाव काही तिथे भेटत नाही. गाव पाहायला कुठे जावे, याचे उत्तर भांडुपकराच्या स्वयंपाकघरातच आहे. नळ सोडावा आणि ते पाणी आले कुठून, ते पाहायला उलट दिशेने निघावे.

मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शुद्ध होतो. शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी घरचेच. उरलेले पाच घाटाच्या बाजूला, शहापूर, मोखाडा, इगतपुरी या टापूत. एकट्या भातसात सातही तलावांच्या साठ्याचा निम्मा वाटा मावतो. हे सगळे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि जमिनीवरच्या अजस्र नळांतून शहराकडे येते. सायकलवाल्याला साथ असते ती या नळांची.

ठाण्याची खाडी ओलांडली की भिवंडीची गोदामे सुरू होतात, आणि हा टप्पा कंटाळवाणाच. कंटेनरच्या वाऱ्याने सायकल हलते, रस्त्याच्या कडेला खडी असते, त्यामुळे इथे गप्पा बंद ठेवून एकामागे एक जाणे बरे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमणेपर्यंत पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. सायकलवाल्यांचे त्यात काही बिघडले नाही. उंच पुलावरून जाणाऱ्याला खालचे खळे कुठे दिसते?

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागून अंबाडीवरून वज्रेश्वरीला वळता येते. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस बोलला आणि १७३९ च्या विजयानंतर इथले देऊळ बांधले गेले. शेजारी अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे. इतक्या पायपिटीनंतर, म्हणजे पायडलपिटीनंतर, त्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला देवीपेक्षा कुंडाची महती जास्त पटते. काठाने वाहते ती तानसा नदी, धरणातून सुटलेली.

दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यात भातकापणी चालते. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम इथलाच; गावात त्याला झिनी म्हणतात. मोटारीला हे सगळे एक पिवळा पट्टा म्हणून दिसते. सायकलवरून कापलेल्या पेंढ्याचा वास येतो, झोडणीचा आवाज ऐकू येतो आणि भारा घेऊन चाललेली बाई ‘कुठून आलात?’ असे विचारते. ‘भांडुप’ म्हटल्यावर तिचा कोणीतरी तिथे कामाला असतोच.

तानसा तलाव गाठायला नाशिक महामार्गाने आटगावपर्यंत जावे. भांडुपहून हे अंतर साधारण ७० किलोमीटर. तिथून डावीकडे, सागाच्या जंगलातून, १८९२ चे दगडी धरण. चढ फार नाही, पण दुपारचे ऊन त्रास देते. मे महिन्यात याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. नळ शेजारून जातो आणि हंडा विहिरीच्या तळाशी खरवडतो. हे वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येते. सायकलवाल्याला ते छापलेले वाचावे लागत नाही.

मुंबईला लांब पल्ल्याच्या सायकलीचे वेड नवे नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण शहरातून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीतच सुमारे २९ हजार किलोमीटर कापले. अलीकडे ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला कापण्याची, चलती आहे: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० चाळीस तासांत. दमसासाची परीक्षा म्हणून ते उत्तमच. मात्र घड्याळावर डोळा ठेवून गेलेल्या माणसाने गाव पाहिले, असे म्हणवत नाही.

गावात सायकल म्हणजे हौस नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात, शाळा सुटू नये म्हणून. लाखाच्या सायकलीवरून जाणाऱ्या शहरी पाहुण्याला चढावर दप्तरासकट मागे टाकणारी मुलगी भेटली, तर तिला बिनतक्रार वाट द्यावी.

या वाटेने जायचे तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सोबत दोन ट्यूब, पंप आणि पान्हा असावा. पाण्याच्या बाटल्या भांडुपच्याच नळावर भरून न्याव्यात, आणि उन्हाळ्यात गेलात तर पाड्यावर पाणी मागू नये.