बाह्यरुग्ण विभागाबाहेरचा एक तास

वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात अध्यापक व निवासी डॉक्टर ठराविक दिवशी एकत्र बसतात आणि एखाद्या संशोधनाची चिकित्सा करतात. बाहेर बाकावर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना हा तास चैनीचा वाटला, तर नवल नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले; निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. तज्ज्ञांचा असा दुष्काळ असताना त्यांचा वेळ रुग्णसेवेतून काढून घेणे कोणत्या हिशेबात बसते?

या प्रश्नाचे एक उत्तर सर्पगंधेच्या इतिहासात सापडते. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली या वनस्पतीचा उन्मादावर व रक्तदाबावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. निरीक्षण मोलाचे होते. परंतु ते उचलून धरणारी, त्यावर शंका घेऊन पुन्हा पडताळणारी मंडळी पुरेशा संख्येने उभी राहिली नाहीत. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील रेसर्पिन वेगळे केले, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम मांडले, आणि मगच जगाचे लक्ष तिकडे गेले. पुढे हे औषध मनोविकारांत मागे पडले, हा भाग वेगळा.

शंका घेण्याची सवय किती उपयोगी पडते, हे गोव्यातील एका प्रयोगावरून दिसते. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकरवी नैराश्य व चिंताविकारांवर उपचार करण्याचा हा प्रयोग २४ दवाखान्यांत झाला. त्यांपैकी निम्मे सरकारी होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत समुपदेशन मिळालेल्यांपैकी जवळजवळ ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. नुसती सरासरी वाचणारा विद्यार्थी 'उपचार गुणकारी' असे लिहून मोकळा होईल. चांगल्या चर्चासत्रात मात्र कोणीतरी विचारीलच, की खासगी दवाखान्यातील रुग्ण समुपदेशनाविनाही तितकेच बरे का झाले? तेथे डॉक्टर अधिक वेळ देतात म्हणून, की मुळात तेथे जाणारा रुग्णच वेगळा असतो म्हणून? सरकारी पैसा कोठे खर्चावा, याचा निर्णय या उत्तरावर अवलंबून आहे.

दुर्दैवाने अनेक ठिकाणी या तासाला पाठांतराचे रूप येते. कनिष्ठ निवासी डॉक्टर परदेशी नियतकालिकातील लेख वाचून दाखवितो, प्राध्यापक दोन प्रश्न विचारतात, आणि सर्वजण चहाकडे वळतात. विभागप्रमुखांच्या मताला विद्यार्थ्याने आव्हान द्यावे, अशी आपली परंपरा नाही. पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध सक्तीचा असल्याने विषय निवडताना कुतूहलापेक्षा सोय पाहिली जाते, आणि संख्याशास्त्रज्ञाला बोलावले जाते ते माहिती गोळा करून झाल्यावर! घर बांधून झाल्यावर पायाची चौकशी करण्यासारखेच हे. अध्यापकांनी स्वतःचे अपुरे, फसलेले काम विद्यार्थ्यांपुढे ठेवून टीका ऐकून घेतली, तरच ही कोंडी फुटेल. त्याला पैसा लागत नाही; थोडा मानीपणा मात्र सोडावा लागतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हे अधिकच निकडीचे आहे. वर उल्लेखिलेले राष्ट्रीय सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर इतकी वर्षे चर्चा चालू असलेल्या राज्याला, त्या सर्वेक्षणापुरते तरी, इतर राज्यांच्या आकड्यांवरून स्वतःचा अंदाज बांधावा लागतो. आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावे लागते. गडचिरोली वा नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कोणते रुग्ण येतात, किती उशिरा येतात, औषध मध्येच का सोडतात, याच्या नोंदी घेऊन हे विद्यार्थी परतले, तर पुढच्या चर्चासत्रात परदेशी लेखाआधी त्या नोंदी वाचल्या जाव्यात, एवढी सोय विभागप्रमुखांना आजही करता येण्याजोगी आहे.