‘संदर्भ हवा’ : विकी, आप्त आणि वेसाव्याचा बोंबील

आज आपण विकीबद्दल बोलणार आहोत, पण तंत्र म्हणून नव्हे. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हा फार जुना प्रश्न तिथे नव्याने उभा राहतो, म्हणून.

पार्श्वभूमी थोडक्यात घेऊ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९५ साली पहिलं विकी सुरू केलं. जो वाचतो त्यालाच पान दुरुस्त करता यावं, एवढीच कल्पना. ‘विकी’ हा हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द, अर्थ झटपट. २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया. आपल्याला कोश नवे नव्हते. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश तेवीस खंडांचा, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून विश्वकोश उभा केला. पण विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. ते नाव म्हणजे हमी. विकीवर कुणीही लिहितो, बऱ्याचदा टोपणनावाने. मग हमी कुणाची?

विकिपीडियाने यावर उत्तर काढलं ते असं : लिहिणारा कोण हे विचारायचंच नाही, त्याने आधार कुठला दिला ते पाहायचं. छापील पुस्तक, शोधनिबंध, वर्तमानपत्र, म्हणजे तिसऱ्या माणसाला उघडून पाहता येईल असं काहीतरी. आधार नसेल तर वाक्यापुढे चिठ्ठी लागते, ‘संदर्भ हवा’. पुढे ते वाक्य उडवलंही जातं. नियम म्हणून यात काही चूक नाही. अनोळखी माणसं एकत्र काम करतात तेव्हा असंच काहीतरी लागतं.

आता हा नियम घेऊन आपण वर्सोव्याला जाऊ. तिथले कोळी आपल्या गावाला वेसावे म्हणतात. मासेमारी मुख्यतः डोलीची. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं, समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं. ते मासळीच्या मागे जात नाही. भरती-ओहोटीचा ओघच बोंबील, जवळा, मांदेली त्यात आणून टाकतो. म्हणून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतला फरक हा तिथे पोटाचा प्रश्न असतो. आणि याच वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. तिथून शोधनिबंध निघतात, तेव्हा त्यांतलं वाक्य विकीवर बिनदिक्कत चालतं.

समजा, कोळीवाड्यातल्या सत्तरीच्या एखाद्या मावशींनी आपल्याला सांगितलं की अमुक दिशेचा वारा सुटला की त्या दिवशी वाळत घातलेला बोंबील टिकत नाही. पन्नास वर्षं त्यांनी बोंबील वाळवलाय. तरी त्यांचं वाक्य विकीवर टिकणार नाही. तेच एखाद्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून ऐकून निबंधात छापलं, की चालेल! माहिती तीच, जाणणारी बाई तीच. मध्ये फक्त छापखाना आला.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. वात्स्यायनाचं भाष्य आप्ताची व्याख्या करतं : ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. आणि पुढे तो जे म्हणतो ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे, असं तो स्पष्ट सांगतो. जात नाही, पदवी नाही. या व्याख्येने मावशी आप्त ठरतात, आणि ऐकीव लिहिणारा ठरत नाही.

विज्ञानाने तरी काय केलं? बोंबलाचं शास्त्रीय वर्णन हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेतल्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात केलं. त्याच ग्रंथात त्याने रोहू आणि कटला यांना शास्त्रीय नावं दिली ती तिकडच्या लोकांच्या तोंडची, लॅटिन थाटात बसवून. नाव उरलं, सांगणारा गेला.

मग नियम मोडायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. आप्त कोण हे ओळखायला तो माणूस समोर असावा लागतो, आणि विकीवर कुणीच समोर नसतं. नियम काढला तर मावशींच्या शेजारी दहा थापाडे येऊन बसतील. खरी अडचण बोलणं तपासता येत नाही ही आहे, आणि ती दूर करता येते. २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी विकिमीडिया फाउंडेशनच्या मदतीने हाच प्रयोग केला : हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी या भाषांत माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि तेच संदर्भ म्हणून दिलं. त्यावर वाद झाला आणि मूळ नियम जागचा हलला नाही. पण ध्वनिमुद्रण ऐकता येतं, त्याला तारीख असते, दुसरी कोळीण त्याला खोडून काढू शकते. म्हणजे तपासाची सोय झालीच की.

वेसाव्यात असं काही करायचं झालं तर एक गोष्ट मात्र आधी ठरवावी लागेल. विकीवरचा मजकूर ज्या परवान्याखाली जातो, त्यात तो कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो. सांगणाऱ्याला हे मराठीत, समजेल असं, मुद्रण सुरू करण्यापूर्वी सांगायला हवं. वाळवणाच्या वाऱ्याचं कुणीही आनंदाने सांगेल. आपली डोल नेमकी कुठे बांधतो हे मात्र एखादं घर सांगणार नाही, आणि तिथे आपण यंत्र बंद करून चहा घ्यायचा.