चुन्याचा जमाखर्च

१०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत पूर्णपणे भाजली, तर हाती केवळ ५६ किलो कळीचा चुना येतो. उरलेले ४४ किलो गेले कोठे? अग्नीने ते नष्ट केले, असे म्हणणे सोपे आहे. पण रसायनशास्त्रास ते मान्य नाही. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, ही घट म्हणजे दगडातून निसटलेला वायू होय. समीकरण असे मांडतात:

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड
१०० = ५६ + ४४

डावीकडे कॅल्शियमचा १, कार्बनचा १ व ऑक्सिजनचे ३ अणू, उजवीकडेही तितकेच. विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून पाहावे.

कळीच्या चुन्यावर पाणी घालताच तो खदखदतो (त्या वेळी डोळे जपावेत!) आणि विरी जातो: ५६ + १८ = ७४. तोच भिंतीस लावला की, हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून, पाणी सोडून, पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो: ७४ + ४४ = १०० + १८.

गोव्याकोकणात शिंपले भाजून चुना करीत असत; त्यांचाही मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेटच असल्याने तेथेही हाच हिशेब लागू पडतो.