जलशीर्ष असलेल्या मुलांचे दीर्घकालीन आयुर्मान

जलशीर्ष किंवा हायड्रोसेफॅलस म्हणजे मेंदूतील पोकळ्यांमध्ये मस्तिष्क-मेरुद्रव प्रमाणाबाहेर साठून त्या फुगण्याची अवस्था होय. हा द्रव सतत तयार होत असतो. त्याच्या वहनात किंवा रक्तातील शोषणात अडथळा आल्यास दाब वाढून मेंदूला इजा होते. रुग्ण मुलांचे दीर्घकाळ जगणे मुख्यतः मूळ कारण, उपचाराची वेळ, शंटचे कार्य आणि पुढील देखरेख यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

लॉरेन्स व कोट्स यांनी १९६२ मध्ये शस्त्रक्रिया न झालेल्या १८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८९ रुग्ण दगावले होते. दरम्यान १९५० च्या दशकात झडप असलेले शंट वापरात आले आणि हे चित्र पालटू लागले. अमेरिकी तंत्रज्ञ जॉन होल्टर यांनी आपल्या आजारी मुलाच्या निमित्ताने सिलिकॉनची झडप विकसित केली.

मूळ कारण

केवळ मेंदूतील जलवाहिनी अरुंद असल्यास उपचारानंतरचे भवितव्य तुलनेने चांगले असते. अर्बुदामुळे जलशीर्ष झाल्यास आयुर्मान प्रामुख्याने अर्बुदाच्या स्वरूपावर ठरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये मेंदूतील रक्तस्राव आणि फुप्फुसांची अपक्वता यांचा एकत्रित परिणाम होतो. क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहात निदानास झालेला उशीर घातक ठरतो. पाठीच्या कण्यात जन्मजात दुभंग असलेल्या मुलांना मूत्रपिंडाच्या विकारांचाही धोका असतो.

शंटमधील बिघाड व संसर्ग

शंट ही नळी अतिरिक्त द्रव सहसा उदरपोकळीत वाहून नेते. मुलांमध्ये बसवलेल्या शंटपैकी सुमारे निम्मे शंट पहिल्या दोन वर्षांत निकामी होतात. मात्र बिघाड अनेक वर्षांनीही होऊ शकतो. डोकेदुखी, उलट्या व वाढती गुंगी ही त्याची लक्षणे होत. तान्ह्या बाळाची टाळू फुगते. नळी तुंबल्यास काही तासांतही प्राणावर बेतू शकते. संसर्ग बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उद्भवतो.

पर्यायी शस्त्रक्रिया

दुर्बिणीद्वारे मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला वाट करून देता येते. युगांडातील एम्बाले येथे बेंजामिन वॉर्फ यांनी या शस्त्रक्रियेला द्रव तयार करणाऱ्या ऊतींच्या दहनकर्माची जोड दिली. त्यामुळे अनेक बालकांना शंटची गरज उरली नाही. जेथे रुग्णालय दूर असते, तेथे याचे महत्त्व विशेष आहे. तथापि हे छिद्रही बुजू शकते, त्यामुळे देखरेख टळत नाही.

देखरेख

लक्षणे ओळखणारे पालक, तातडीची मेंदूशस्त्रक्रिया सेवा आणि प्रौढपणीही चालू राहणारी तपासणी हे घटक निर्णायक ठरतात. मूल बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागाकडे जाताना तपासणीत खंड पडल्यास बिघाड उशिरा लक्षात येण्याची शक्यता वाढते.